माझं डावं आतडं आणि हिचं नाटक

पोट उजवीकडे दुखलं की घाबरायचं आणि डावीकडे दुखलं की ढेकर द्यायचा, एवढंच माझं वैद्यकशास्त्र. उजवीकडे अपेंडिक्स असतं हे शाळेत शिकवलं होतं. डावीकडे काय असतं हे कोणी सांगितलं नाही, तेव्हा तिथं काही नसतंच असं मी धरून चाललो होतो. पन्नाशी उलटेपर्यंत हे शास्त्र मला उत्तम पुरलं. मग एका सोमवारी तक्रार खिडकीवर बसलेलो असताना बेंबीच्या खाली, डाव्या अंगाला, कोणीतरी आतून चिमटा काढला आणि सोडायचं नावच घेईना.

तक्रार खिडकी वीज कंपनीची. काचेच्या आत मी, बाहेर जनता. ‘नोंद घेतली आहे, माणूस येईल’ हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा म्हटलंय की झोपेतही म्हणतो, अशी आमच्या हिची तक्रार आहे. तिचीही मी नोंद घेतलेली आहे. तर पोटाकडून तक्रार आल्यावर मी सवयीप्रमाणे नोंद घेतली आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला हाक मारली. संध्याकाळपर्यंत अंगात कणकण आली आणि पँटचं बटण आपोआप उघडं ठेवावंसं वाटायला लागलं.

एरवी मी दुखणं लपवणाऱ्यांतला नाही. मला साधी शिंक आली तरी ती शेजारच्या दोन बिऱ्हाडांना कळते. पण त्या आठवड्याची गोष्ट वेगळी होती. शनिवारी हिचं नाटक होतं.

ही करखात्यात आहे. खात्याच्या नाट्यमंडळात गेली कितीतरी वर्षं काम करते. काम म्हणजे काय, तर चहाचा ट्रे घेऊन यायचं, ‘साहेब आलेत’ म्हणायचं आणि ट्रेसकट परत जायचं. एका वर्षी साहेबसुद्धा आले नव्हते, नुसता चहाच होता. यंदा मात्र नेहमीच्या नायिकेची बदली झाली आणि स्पर्धेच्या नाटकातली मुख्य भूमिका हिच्या पदरात पडली. एका म्हातारीची. घर विकून निघायच्या दिवशी ही म्हातारी मेलेल्या नवऱ्याच्या रिकाम्या खुर्चीशी बोलते. पहिल्या अंकाच्या शेवटी तिचं लांबलचक स्वगत आहे. घरी तालीम चालायची तेव्हा म्हातारीचा मुलगा मी, सून मी, घर घ्यायला आलेला दलाल मी. स्वगताच्या वेळी खुर्चीही मीच. म्हणजे खुर्चीत बसून रिकामी खुर्ची करायची.

“हलू नका हो,” ही म्हणायची. “तुम्ही नाही आहात.”

इतक्या वर्षांच्या संसारानंतर ही भूमिका मला मुळीच जड गेली नाही.

आता अडचण अशी की लेखा विभागातली एक बाई हीच भूमिका तोंडपाठ करून, मांडीवर पर्स घेऊन रोज तालमीला येऊन बसत होती. “काही लागलं तर मी आहेच,” असं ती इतकं गोड बोलायची की ऐकणाऱ्याला कापरं भरावं. आणि आमची ही कशी, तर मला नुसता ताप आला तरी रजा टाकून उशाशी बसणारी. माझ्या पोटात काही आहे एवढं जरी कळलं असतं तरी तिने नाटक सोडलं असतं, आणि म्हातारीचा पांढरा टोप लेखा विभागाच्या डोक्यावर गेला असता. ते मी होऊ देणार नव्हतो. शनिवारपर्यंत हिला ताकास तूर लागू द्यायची नाही, असं मी ठरवलं. माझ्या अंगात इतका त्याग आहे हे मलाच नवीन होतं. चार माणसांना सांगावंसं वाटत होतं, पण त्यागात तीच गैरसोय असते.

मंगळवारी ऑफिसला जातो सांगून मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पोट दाबत दाबत डावीकडे येऊन बोट रोवलं, तसे माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

“इथे दुखतंय का?”

“नाही, सहज ओरडलो.”

त्यांनी रक्त तपासायला सांगितलं आणि पोटाचा स्कॅन लिहून दिला. मी स्कॅन सेंटरला पोहोचलो. तिथे काचेच्या आत एक बाई बसलेल्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, “सोबत कोण आहे?”

“कोणी नाही.”

“सोबत माणूस लागतो.”

“अहो, पोट माझं आहे. माणसाचं काय काम?”

“नियम आहे.” आणि त्यांनी रांगेतल्या पुढच्या माणसाला हाक मारली.

काचेच्या बाहेर उभं राहणं ही काय चीज आहे ते मला त्या दिवशी कळलं. मी पंधरा मिनिटं नुसता उभा राहिलो, कोणीतरी नोंद घेईल म्हणून. शेवटी नाइलाजाने आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या सल्लागारांना फोन केला.

सल्लागार बँकेतून निवृत्त झालेत. खरं नाव दारावर आहे, पण ते कोणी वाचत नाही. बिल्डिंगमध्ये नळ गळो, मूल रडो, कोणाचं लग्न मोडो, हे गृहस्थ हजर. ते इतक्या लवकर आले की मला वाटलं, घरातून बूट घालूनच फोनची वाट बघत बसलेले असावेत. आल्या आल्या त्यांनी काचेमागच्या बाईंना कसं बसलं असता कंबर दुखत नाही ते सांगितलं. बाईंनी मला ताबडतोब आत पाठवलं.

रिपोर्ट घेऊन आम्ही दोघं परत डॉक्टरांच्या समोर बसलो. डॉक्टर म्हणाले, “तुम्हाला डायव्हर्टिक्युलायटिस झालाय.”

मी त्यांना ते पुन्हा म्हणायला लावलं. भीती वाटली, नाही असं नाही. पण त्यातल्या त्यात अभिमानही वाटला. आमच्या ऑफिसात जो तो शुगर नाहीतर बीपी घेऊन फिरतोय. खुद्द साहेबांनासुद्धा नुसतं पित्त आहे. असा भारदस्त आजार आमच्या मजल्यावर कोणाकडे नव्हता.

“म्हणजे काय होतं?” मी विचारलं.

“सायकलची जुनी ट्यूब बघितलीय? हवा भरली की विरलेल्या जागी फुगा येतो, तसंच. मोठ्या आतड्याच्या भिंतीत काही जागा मुळात कच्च्या असतात. वर्षानुवर्षं आतून जोर पडला की तिथे छोट्या छोट्या पिशव्या बाहेर येतात. उतारवयात कितीतरी लोकांना त्या असतात आणि बहुतेकांना जन्मभर पत्ता लागत नाही. एखादी पिशवी सुजली की मात्र असं दुखतं. बहुधा डावीकडेच.”

“तरी मी म्हणत होतो!” सल्लागार म्हणाले. ते असलं काहीही म्हणत नव्हते. “टोमॅटोच्या बिया! त्या जाऊन बसतात त्या पिशव्यांत.”

“पूर्वी तसं समजत असत. आता काही तसं दिसत नाही,” डॉक्टर म्हणाले. सल्लागारांचा चेहरा पडला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते मानाने बाहेर गेले.

इथून पुढचं सगळं रामायण त्या फोनने घडवलं. कारण सल्लागार बाहेर असताना डॉक्टर मला म्हणाले, “आत्ता आतड्याला आराम द्यायचा. दोन-तीन दिवस फक्त पातळ घ्या. पाणी, गाळलेलं सूप, कोरा चहा. दुखणं उतरलं की मऊ, चोथा नसलेलं थोडं थोडं. अँटिबायोटिक सगळ्यांनाच लागतात असं नाही, पण तुमचं रक्त बघता मी देतोय. दुखलं तर पॅरासिटामॉल घ्या. दुसरी कुठलीही वेदनेची गोळी मनाने घ्यायची नाही. काही गोळ्यांनी आतड्याला भोक पडायचा धोका वाढतो. आणि ताप चढला, उलट्या झाल्या, पोट कडक झालं, तर विचार करत बसू नका. सरळ हॉस्पिटल.”

एवढ्यात सल्लागार आत आले, खुर्चीत बसले आणि त्यांच्या कानावर पडलं ते असं: “चोथा भरपूर खायचा. भाज्या, फळं, कडधान्यं, कोंडा. पाणी प्यायचं, चालायचं, वजन उतरवायचं. आणि दीड-दोन महिन्यांनी एकदा दुर्बिणीने आतून बघून घेऊ.”

“दुर्बीण कुठून घालणार?” मी विचारलं.

डॉक्टरांनी सांगितलं. सल्लागार इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. त्या गडबडीत, चोथा ‘पूर्ण बरं झाल्यावर’ खायचा, हे डॉक्टरांचे सुरुवातीचे शब्द फक्त मी ऐकलेले आहेत ही गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाही.

“घरी बायकोला सांगा,” डॉक्टर म्हणाले.

“सांगतो,” मी धडधडीत खोटं बोललो.

ऑफिसात रजेचा अर्ज दिला. साहेबांनी आजाराचं नाव वाचलं, अर्ज सरळ धरून वाचलं, चष्मा बदलून वाचलं, आणि म्हणाले, “जरा साधं काही लिहा ना. हे वर पाठवलं तर मलाच स्पष्टीकरण द्यावं लागेल.” मी ‘पोटदुखी’ लिहिलं. शाळा बुडवताना हेच लिहायचो. एवढं मिरवण्याजोगं दुखणं आणि सरकारदरबारी त्याची ही गत.

घरी न जेवण्यासाठी मी कारणांची जय्यत तयारी केली होती. ऑफिसात पार्टी झाली, दात दुखतोय, उपाशी राहिलं की बुद्धी तल्लख होते, असं एकाहून एक सरस. पण ही विचारील तर शपथ! ताट वाढायची आणि माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत, “या खिडकीतून तुम्ही मला पहिल्यांदा पाऊस दाखवलात,” असं पुटपुटायची. मी पोळी परत डब्यात ठेवली, भाजी पातेल्यात ओतली, सुपाचं पाणी गाळून प्यालो, तरी पत्ता नाही. त्याग लपवायचा म्हणजे काय, कोणीतरी शोधायला तर हवा! एकदा मी मुद्दाम रिकामं ताट वाजवलं. “दलालाचं वाक्य घ्या,” ही म्हणाली. मी पोटावर हात दाबून दलालाचं वाक्य घेतलं.

औषध लागू पडलं म्हणा, उपास लागू पडला म्हणा, शुक्रवारपर्यंत दुखणं बरंच उतरलं. मी मऊ भाताची दोन चमचे पेज खाल्ली आणि चक्क डोळ्यांत पाणी आलं. शनिवारी सकाळी हिला टॅक्सीत बसवलं. तिने काच खाली केली.

“जमेल ना हो मला?”

“अगं, खुर्चीला विचार. खुर्चीने रोज ऐकलंय.”

ती हसली. मला फार बरं वाटलं. आता चार वाजताचा प्रयोग पार पडला की जिंकलो, असं म्हणत मी वर आलो, तर दारात सल्लागार. हातात हे एवढं मोठं भांडं. त्यात कच्चा कोबी, गाजराचा कीस, भिजवलेले हरभरे आणि त्यावर कोंड्याचा डोंगर.

“खा.”

“अहो, डॉक्टर म्हणाले हे बरं झाल्यावर.”

“मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. चोथा भरपूर! आणि तुम्ही बरे दिसताय की!”

“पण मधे मऊ खायला सांगितलंय थोडे दिवस.”

“कोण म्हणतं? मी तिथंच बसलो होतो.”

आता खरं सांगतो. मला पटलं नव्हतं. पण चार दिवस मी पाण्यावर काढले होते, पोटात कावळे ओरडत होते, आणि कोबीसुद्धा इतका देखणा दिसू शकतो हे मला माहीत नव्हतं. उपाशी माणसाशी वाद घालणं फार सोपं असतं. मी म्हटलं दोन घास खावे. मग सल्लागारांना वाईट वाटू नये म्हणून आणखी दोन. मग भांडं धुऊन परत दिलं.

नाट्यगृहात आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. पडदा वर जातानाच पोटात पहिली कळ आली. सूनबाईच्या प्रवेशात दुसरी. दलाल आला तेव्हा मला घाम फुटला होता आणि दातखीळ बसायची वेळ आली होती. सल्लागार कानाशी लागले, “माझ्याकडे एक जालीम गोळी आहे, देऊ?” मी मानेनेच नाही म्हटलं. त्या आठवड्यातला माझा शहाणपणाचा निर्णय तो एवढाच. उठून जावं तर मधल्या सगळ्या गुडघ्यांना लोटत जावं लागणार, ही वरून बघणार, आणि तिथेच सगळं संपणार.

मग ही खुर्चीसमोर आली. स्वगत सुरू झालं. मागे कोणीतरी वेफर्स खात होतं, कोणी खोकत होतं. “तुम्ही निघून गेलात,” ही खुर्चीला म्हणाली, “आणि मला साधं विचारलंतही नाही...” आणि नेमक्या त्या वाक्याला माझ्या तोंडून कण्हणं बाहेर पडलं. साधंसुधं नव्हे. आतड्याच्या तळापासून आलेलं, लांब, घोगरं, थरथरतं.

सगळं थिएटर चिडीचूप झालं. वेफर्स थांबले. शेजारच्या अनोळखी बाईंनी माझ्या हातात रुमाल कोंबला आणि रडवेल्या आवाजात म्हणाल्या, “मलाही भरून आलं हो.” ही रंगमंचावर थबकली. तिने एक पाऊल पुढे, आमच्या बाजूला टाकलं. मनात म्हटलं, संपलं. हिने ओळखलं. आता ही खाली उतरणार.

तिने ते पाऊल मागे घेतलं. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि पुढचं वाक्य उचललं. त्यापुढचं मला ऐकू आलं नाही. मी गुडघ्यांत डोकं घालून बसलो होतो. पडदा पडल्याचं टाळ्यांवरून कळलं. सल्लागार आणि आणखी दोघांनी मला उचलून बाहेर नेलं तेव्हा लोक आदराने बाजूला होत होते. “काय हळवा माणूस आहे,” कोणीतरी म्हणालं.

हॉस्पिटलात पुन्हा स्कॅन झाला. या वेळी सोबतचा माणूस कोण ते विचारायची कोणाची हिंमत झाली नाही. सर्जन म्हणाले, सुजलेल्या पिशवीपाशी थोडा पू साठलाय, पण लहान आहे. शिरेतून अँटिबायोटिक देऊ, तोंडाने काही नाही. वाढला तर सुईने काढू. पिशवी फुटली असती तर मात्र पोट उघडून आतड्याचा तुकडा काढावा लागला असता, आणि काही महिने शौचासाठी पोटावर बाहेरून पिशवी लावून फिरावं लागलं असतं. माझी पाचावर धारण बसली. आजाराचा राहिलासाहिला अभिमान त्या क्षणी गेला.

“कोंड्यामुळे झालं का?” मी विचारलं.

“पू आधीपासून जमत असणार. पण सुजलेल्या आतड्याला कच्चा कोबी खाऊ घालायची कल्पना कोणाची?”

सल्लागार पंख्याकडे बघत होते. “मी फक्त उत्तरार्धाला हजर होतो,” ते म्हणाले.

वॉर्डातली भेटायची वेळ संपत आली तेव्हा दार ढकलून एक पांढऱ्या केसांची म्हातारी धावत आली. नर्स म्हणाली, “आजी, हळू. मुलगा ठीक आहे तुमचा.” म्हातारीने टोप काढून खाटेवर आपटला. ही होती. चेहऱ्यावर सुरकुत्या रंगवलेल्या आणि त्यांवरून काजळ ओघळलेलं.

“कधीपासून दुखतंय?”

“सोमवारपासून.”

“आणि मला सांगितलं नाहीत?”

“तू नाटक सोडलं असतंस.”

ती सलाईनच्या नळीकडे बघत राहिली.

“ते कण्हणं माझं होतं हे ओळखलंस का?” मी विचारलं.

“इतकी वर्षं ऐकतेय. ओळखणार नाही?”

“मग थांबली का नाहीस?”

“थांबणार होते. पाऊलसुद्धा टाकलं. पण अहो,” तिचा आवाज एकदम लहान झाला, “सगळे गप्प झाले होते हो. सगळे माझ्याकडे बघत होते. इतकी वर्षं मी ट्रे घेऊन आले तेव्हा लोक वेफर्सच खात होते. मला नाही थांबावंसं वाटलं. मग मध्यंतर संपता संपता विंगेत निरोप आला, की तुम्ही शुद्धीवर आहात आणि डॉक्टरांशी हुज्जत घालताय. म्हणून दुसरा अंकही केला.”

“आणि मी मेलो असतो तर?”

“तर दुसरा अंक नसता केला,” ती म्हणाली, आणि मग माझा हात धरून ढसाढसा रडली.

मला राग आला. सबंध आठवडा मी उपाशीपोटी ज्या त्यागावर जगलो त्याची गरजच नव्हती, याचा आला. आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. माझ्यासाठी सगळं टाकून येणारी बायको मला ठाऊक होती. सगळं टाकून न येणारी ही बाई मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि मला ती आवडली.

पू औषधांनीच विरला. मग पातळ, मग मऊ, मग हळूहळू चोथा, असा मी पायऱ्या चढत वर आलो. दुर्बिणीची तपासणीही झाली. तिचं वर्णन करणार नाही, कारण सल्लागारांनी ते बिल्डिंगभर आधीच केलेलं आहे. आत पिशव्या आहेत, त्या राहणार, पण बाकी काही वाईट नाही, असं सर्जन म्हणाले. आता रोज पाणी पितो, चालतो, आणि ज्या कोबीने दगा दिला तोच शिजवून निमूट खातो.

नाटक अंतिम फेरीत गेलं. परीक्षकांनी ‘स्वगताला प्रेक्षकांतून मिळालेली उत्स्फूर्त दाद’ असा खास उल्लेख केला होता. दिग्दर्शक घरी आले, फळं ठेवली, आणि जरा घुटमळून म्हणाले, “अंतिम फेरीलाही तिसऱ्या रांगेत बसाल का? आणि त्याच वाक्याला... जमलं तर.”

“आता दुखत नाही हो.”

“मग अभिनय करा,” ही आतून ओरडली.

झालं! घरात माझी तालीम सुरू झाली. हिने मला कण्हायला शिकवलं, म्हणजे माझंच कण्हणं मला. “नाकातून येतंय, पोटातून आणा.” खालून सल्लागारांनी वर येऊन काही सूचना केल्या.

अंतिम फेरीला मी कडक इस्त्रीच्या शर्टात तिसऱ्या रांगेत बसलो. स्वगत सुरू झालं. मी श्वास भरून घेतला. “तुम्ही निघून गेलात,” ही म्हणाली, “आणि मला साधं विचारलंतही नाही.” आणि मग पुढचं, जे मी त्या दिवशी गुडघ्यांत डोकं घालून हुकवलं होतं. घरी मी खुर्ची असायचो, हलायची परवानगी नव्हती, वर बघायचीही नव्हती. तिचं तोंड मी कधी बघितलंच नव्हतं. पडदा पडला, लोक उभे राहिले, टाळ्या वाजत राहिल्या, तेव्हा कुठे मला आठवलं.

रंगपटात शिरलो तर ही टोप हातात घेऊन वाटच बघत होती.

“कण्हला का नाहीत?”

“विसरलो,” मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं. मी अभिनय करत नव्हतो हे तिला कळलं असावं, कारण तिने टोप माझ्या हातात दिला आणि सुरकुत्या पुसायला बसली.